सायीतली हळद

कमलाकरच्या हळदीच्या दिवशी सकाळी आठ वाजेपर्यंत दिपाच्या कातडीवर पाच जणांनी पाच उपाय सांगून टाकले होते. विचारलं कुणालाच नव्हतं. शेजारच्या काकींनी कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ सांगितली. मांडवाचे बांबू बांधायला आलेल्या माणसानं शिडीवरूनच गोमूत्र सुचवलं. दिपाच्या बाबांच्या, रमेशच्या, मामांनी तर वांगं बंद करा म्हणून ठणकावून सांगितलं. दिपा वांगं खातच नाही, असं तिची आई माधुरी म्हणाल्यावर मामा जरा खट्टू झाले, पण मागे हटले नाहीत.

"रस्सा तरी खात आसंल," ते म्हणाले.

माधुरी सगळ्यांना "हो, बघू" म्हणाली. पाच वर्षांत तिला एवढं कळून चुकलं होतं की इसब झालेल्या पोरीच्या आईनं वाद घालायचा नसतो. घातला की सहावा उपाय येतो.

न्हाणीतल्या दगडावर दिपा उभी होती. कोमट पाणी, साबण नाही, अंग घासायचं नाही. मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या फडक्यानं नुसतं टिपायचं, आणि कातडी ओलसर आहे तोवर मलम चोपडायचं. पनवेलच्या डॉक्टरांनी हे सांगितल्याला दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत एकदाही माधुरीनं त्यात कसूर केली नव्हती. तापात नाही, पाहुण्यांत नाही, आणि आज दिराच्या हळदीतही नाही.

"आई, आज किती?" दिपानं विचारलं.

हा दोघींचा रोजचा हिशोब होता, दहापैकी.

"कोपराच्या आत चार. गुडघ्याच्या लवणीत तीन. मानेला पाच."

"मान फ्रॉकच्या आत जाते का?"

"थोडी जाते."

"मग चालंल," दिपा म्हणाली. "मी करवली हाय ना?"

माधुरीनं मलमाचा डबा उघडला आणि उत्तर द्यायचं टाळलं. डॉक्टरांचा कंपाउंडर काशिराम हे मलम स्वतः घोटून द्यायचा. पांढरंशुभ्र, बिनवासाचं, लोण्यासारखं. त्याची प्लास्टिकची बरणी मागच्या आठवड्यात पडून तडकली, म्हणून तिनं ते स्टीलच्या डब्यात काढलं होतं. मे महिन्याच्या उकाड्यात ते पातळ व्हायचं, म्हणून डबा स्वयंपाकघरात माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायची. पंधरा दिवसांचं मलम होतं. कालच काशिराम तोच डबा नव्यानं भरून देऊन स्वतःच्या भाच्याच्या लग्नाला देशावर निघून गेला होता.

करवलीचं उत्तर टाळण्याचं कारण साधं होतं. या घराची रीत अशी की नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे करवली घेऊन जाणार, आणि नवरीच्या गालाला पहिली हळद तीच लावणार. पण त्याआधी करवलीच्या स्वतःच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत हळद लागली पाहिजे. कोरड्या हातांची करवली गावाच्या, विचुंब्याच्या, वेशीबाहेर पाठवत नसत. आणि दिपाचं सगळं दुखणं नेमकं कोपराच्या आत होतं.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका हळदीत कुणीतरी हौसेनं तिच्या हाताला हळद फासली. त्यात लिंबू पिळलेलं होतं. दिपा अशी किंचाळली की मांडवात वाजणारा बेंजो थांबला. त्या दिवशी माधुरीनं मनाशी ठरवलं होतं, पुन्हा हळद नाही. आणि कमलाकरनं चार महिन्यांपूर्वी, साखरपुड्याच्या दिवशीच, दिपाला खांद्यावर घेऊन साऱ्या गावाला सांगितलं होतं, माझी करवली हीच. हे दोन्ही निश्चय आजवर एका घरात सुखानं नांदले होते. आज दुपारी त्यांची गाठ पडणार होती.

ती पडलीसुद्धा, आणि दुपारपर्यंत थांबलीही नाही. माधुरी दिपाला घेऊन ओटीवर आली तर थोरली नणंद आशालता करंजाड्याहून येऊन, पिशव्या टाकून, अर्धा कप चहा संपवून तयार होती.

"माधुरी, मी काय म्हनते, तू राग नको मानू."

"नाही मानत, ताई." राग मानायची तयारी करतच माधुरी म्हणाली.

"करवली माझ्या रोशनीला करू. सात वरसांची हाय, उभी राहील नीट. दिपाला हळद झोंबते हे तुला पन माहीत, मना पन माहीत."

"मी तळहातांना लावणार आहे तिच्या. तळहात चांगले आहेत."

"तळहाताला? ती काय मेंदी हाय?"

"ताई, आई चालवून घेतील."

"आये!" आशालतानं स्वयंपाकघराकडे हाक टाकली. "तळहाताला हळद लावलेली करवली चालते का गो आपल्यात?"

आतून गंगाबाईंचा आवाज आला. "मना नका विचारू. मना पन्नास मानसांचा भात हाय, आन हळद कालवायची हाय. तुमी नंदा-भावजया ठरवा आन मना सांगा."

घरातली सगळ्यात मोठी बाई जेव्हा अशी अंग काढून घेते, तेव्हा भांडण करणाऱ्यांची फार पंचाईत होते. रमेश मांडवात वायरी जोडत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि हातातला बल्ब अत्यंत काळजीपूर्वक पुसायला घेतला.

"तुम्ही काहीतरी बोला," माधुरी म्हणाली.

"दोघींचं पण बरोबर आहे," रमेश म्हणाला, आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाठ फिरवली.

दिपा खांबाला टेकून उभी होती. मानेकडे गेलेला हात तिनं अर्ध्यातून खाली घेतला.

*

आशालता वाईट बाई नव्हती. तिला गप्प बसता येत नसे, एवढंच. पण एक गोष्ट अशी होती की ती तिनं वर्षभर कुणालाही सांगितली नव्हती, आणि आशालतानं एखादी गोष्ट वर्षभर पोटात ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल.

नात्यातल्याच एका बारशाला दिपा सतरंजीवर बसून दुसऱ्या एका पोराशी खेळत होती. त्या पोराच्या आईनं दिपाचा हात पाहिला, पोराला उचललं, आणि न्हाणीवर नेऊन त्याचे हात साबणानं धुतले. दोनदा. माधुरी तेव्हा पाळण्यापाशी होती. आशालतानं ते पाहिलं. दिपानंही पाहिलं, आणि मग ती एकटीच खेळायला लागली.

म्हणून आशालताला वाटत होतं की नवरीच्या दारात, शंभर बायकांसमोर, पोरीला उभीच करू नये. कुणी काही बोललं तर? ही इवलीशी पोर, आणि ती माधुरी, जी परक्यांसमोर कधी आवाज चढवत नाही. त्यापेक्षा घरीच ठेवावी, लाडू द्यावा, लुनावरून एक चक्कर मारून आणावी.

आता, खोटं कशाला बोला, रोशनीसाठी जरीचा परकर-पोलका शिवून आणलेला पिशवीत होता हेही खरंच. पण तो आशालतानं करवलीसाठीच शिवला असं नाही. शिवताना तिच्या मनात तसं आलं, एवढंच.

"काय ताई," कमलाकर दाढी करून, गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला. "माझी करवली बदलायला निघालीस?"

"तुझ्याच भल्याचं सांगते. सासरची मानसं काय म्हनतील?"

"सासरची मानसं पोरीला बघून मना पोरगी देत नसतील, तर मी पन त्यांच्याकडं जात नाय. वैनी, दिपाच जानार. हळदीचं काय करायचं ते करा."

"आन झोंबली तर? गेल्या वरसासारखी?"

कमलाकरनं गालावरचा साबण पुसला. त्यानं दिपाकडे पाहिलं. "तूच सांग, बाय. काय करायचं?"

"मी रडनार नाय," दिपा म्हणाली.

म्हणजे झोंबणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं. करवली होण्यासाठी पोरीनं आग सोसायची, आणि ती आपण आपल्या हातानं लावायची! हे माधुरीच्यानं होणार नव्हतं. ती आशालताला म्हणाली, "ताई, रोशनीचे कपडे काढून ठेवा. दुपारी बघू."

आशालता जिंकली होती. तरी तिला म्हणावं तसं बरं वाटलं नाही, आणि त्याबद्दल तिनं चहात साखर कमी असल्याची तक्रार केली.

*

गंगाबाईंना मात्र आज सगळंच मनासारखं वाटत होतं. धाकट्या लेकाची हळद होती, आणि हळद कालवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. लोक पाण्यात कालवतात, तेलात कालवतात, हल्ली तर लिंबू पिळतात. गंगाबाईंच्या सासूबाईंनी शिकवलेली हळद म्हशीच्या दुधाच्या सायीतली. चार दिवसांची साय साठवायची, गार ठेवायची, आणि जात्यावर दळलेल्या हळदीत तळहातानं फेसायची.

"चष्मा कुठं गेला माझा?" त्यांनी विचारलं. चष्मा मांडवात कुठंतरी होता, मांडवात तीस माणसं होती, आणि हळदीला उशीर होत होता. चष्म्यावाचून त्यांचं काही अडत नसे, असं त्यांचं म्हणणं होतं.

माठाखालच्या वाळूत दोन डबे होते. माधुरीच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेल्या सहा डब्यांपैकी दोन. सारखे, आणि दोन्हींवर त्यांचंच नाव कोरलेलं. गंगाबाईंनी हाताला आला तो उचलला. झाकण काढलं. पांढरं, गार, घट्ट.

"बघ कशी धरली हाय," त्या आपल्याशीच म्हणाल्या, आणि सगळा डबा परातीत उपडा केला.

हळद अशी काही कालवली गेली की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. गुठळी नाही, पाणी सुटणं नाही. बोटाला घेतली की लोण्यासारखी पसरत होती. धवले म्हणायला आलेली म्हातारी धाकलीबाय, जिच्या गाण्याशिवाय पंचक्रोशीत लग्न लागत नसे, तिनंही बोट बुडवून पाहिलं.

"गंगे, गुण हाय हो तुझ्या हाताला."

"सासूची रीत हाय," गंगाबाई म्हणाल्या. असं श्रेय त्यांनी सासूला तिच्या हयातीत कधी दिलं नव्हतं.

दुपारी मांडवात कमलाकरला पाटावर बसवलं. धाकलीबायनं धवला उचलला, बेंजोवाल्यानं तिला सांभाळून घेतलं, सुवासिनींनी हळद लावली. कमलाकर आधी अंग चोरून बसला होता, मग सैल झाला.

"आये, काय घातलंस गो यात? काय गार वाटतं!"

"तू गप बस. नवऱ्यानं बोलायचं नसतं."

"नाय पन खरंच. दादाच्या हळदीत माझी नुसती आग आग झालती. हिच्यात झोप येते."

मग काय, ज्यानं त्यानं परातीत हात घातला. रमेशच्या मामांनी टकलाला लावली. बांबूवाला जाता जाता दोन बोटं घेऊन गेला. आशालतानं हातांना लावली आणि बांगड्या वर सरकवून पुन्हा लावली. ओटीवर बसलेली दिपा हे सगळं बघत होती, हात मांडीखाली दाबून.

*

दुपारच्या मलमाची वेळ झाली म्हणून माधुरी स्वयंपाकघरात गेली. माठाखाली डबा एकच होता. तिनं तो उघडला. आत साय होती, वर पिवळसर पापुद्रा धरलेली. दुसरा डबा मोरीत होता. रिकामा. बोटानं निपटून घेतलेला.

ती मोरीपाशीच उभी राहिली. मांडवातून आवाज येत होता, "आये, आजून आन थोडी!"

सगळं एकदमच तिच्या डोळ्यांसमोर आलं. पंधरा दिवसांचं मलम. काशिराम देशावर. आज रविवार, दवाखाना बंद. उद्या लग्न. आणि इकडे रमेशच्या मामांचं टक्कल.

"आई," ती बाहेर येऊन म्हणाली. "तुम्ही हळद कशात कालवलीत?"

"सायीत. का गो?"

माधुरीनं सायीचा डबा पुढे धरला. गंगाबाईंनी डबा डोळ्यांपाशी नेला, वास घेतला. मग परातीकडे पाहिलं. मग लेकाकडे.

"मग यो काय?"

"दिपाचं मलम."

बेंजो थांबला. या पोरीच्या पायी तो दुसऱ्यांदा थांबत होता.

"म्हंजे मी नवऱ्याला दवा लावला?" गंगाबाई मटकन खाली बसल्या.

"अगो बाय माझे!" आशालता उठून उभी राहिली. "देवाम्होरं ठेवलेल्या हळदीत खाजेचं मलम! आता ही हळद टाकून द्यावी लागंल. नवी दळा. आता कवा दळायची, कवा निघायचं? टेम्पो उभा हाय!"

"टाकायची कशाला? मना तर बरं वाटतंय," कमलाकर म्हणाला.

"तुला काय कळतं? हे शुभ का अशुभ ते कोन सांगनार?"

सगळ्यांनी धाकलीबायकडे पाहिलं. म्हातारीनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. आयुष्यात तिनं बरीच लग्नं पाहिली होती, पण असा प्रश्न तिलाही नवा असावा.

"दळताना कोन होत्या?" तिनं विचारलं.

"पाच सुवासिनी," गंगाबाई म्हणाल्या.

"देवाला लागली?"

"लागली."

"नवऱ्याला लागली?"

"टाळक्यापासून पायापरेंत," कमलाकर म्हणाला.

"मग ती हळद हाय. सायीत कालवा नायतर मलमात कालवा. वाजव रं तू."

पण बेंजोवाल्यानं हात उचलला तेवढ्यात दिपा ओटीवरून उतरून परातीपाशी आली होती.

"आजे, माझं मलम हिच्यात हाय?"

"हाय गो बाय. समदं गेलं. तुझ्या आजीला दिसत नाय आता," गंगाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग ही हळद माझीच हाय," दिपा म्हणाली, आणि कुणाला काही कळायच्या आत एक बोट बुडवून तिनं ते उजव्या कोपराच्या आत लावलं.

"दिपा, थांब!"

माधुरीनं तिचा हात धरला. दिपानं डोळे घट्ट मिटले होते. मग एक उघडला.

"झोंबतं?" माधुरीनं विचारलं.

"नाय." दुसराही डोळा उघडला. "गार हाय. मलमासारखंच हाय."

"दहा मिनिटं थांबायचं," माधुरी म्हणाली. "लाल झालं तर धुवायचं."

आणि खरोखर, दहा मिनिटं सगळा मांडव थांबला. नवरा पाटावर सुकत बसला. रमेश घड्याळ घेऊन बहिणीच्या आणि बायकोच्या मधोमध उभा राहिला. आज सकाळपासून पहिल्यांदाच त्याला नेमकं काम मिळालं होतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न दिला आणि आत येऊन बघितल्यावर तोही थांबला. माधुरी पोरीचा हात उजेडाकडे धरून बसली होती. हळदीच्या ठिपक्याभोवतीची कातडी तशीच राहिली. लाली चढली नाही, पोरीनं हात आखडला नाही.

"झाली दहा," रमेश म्हणाला.

माधुरीनं परातीतून ओंजळभर हळद घेतली आणि दिपाच्या दोन्ही हातांना बोटांपासून कोपरापर्यंत आपल्या हातानं माखली. ती आशालताकडे न बघता म्हणाली, "ताई, करवली दिपाच जाईल."

"जाऊ दे," आशालता म्हणाली. "पन कोन काय बोललं तर मना सांगू नको मग."

*

टेम्पोत पुढच्या सीटवर वारा लागतो म्हणून दिपाला तिथं बसवलं, आणि मांडी हवी म्हणून आशालताला. माधुरी, रोशनी आणि बाकीच्या बायका मागे धाकलीबायबरोबर गात होत्या. हळदीची वाटी दिपानं दोन्ही हातांत धरली होती, वर केळीचं पान बांधलेलं.

नवीन पनवेलच्या इमारती मागे पडल्या. उकाडा असा होता की ड्रायव्हरनं खांद्यावरच्या टॉवेलनं स्टिअरिंग पुसलं. आशालताच्या लक्षात आलं की पोर मांडीवर चुळबुळ करते, मान एका बाजूला ताणते, परत सरळ करते.

"काय होतंय गो?"

"मानेला घाम येतो. मग खाज येते."

"मग खाजव की."

"नाय. खाजवलं का रक्त येतं, मग नव्या काकीच्या घरची मानसं बघतील." दिपानं वाटी घट्ट धरली. "आत्या, थापट ना. खाजवायचं नसतं, थापटायचं असतं. माझ्या हातात वाटी हाय."

आशालतानं तिच्या मानेवर हात ठेवला. कातडी खरबरीत लागली, गरम लागली. तिनं आजवर या पोरीला फराळ दिला होता, फ्रॉक दिले होते, सल्ले तर मोजता येणार नाहीत इतके दिले होते. हात मात्र कधी लावला नव्हता. हे तिला आता, टेम्पोत, पहिल्यांदाच ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. त्या बारशातल्या बाईला तिनं वर्षभर मनात शिव्या दिल्या होत्या. आपण तरी काय वेगळं केलं?

"हळू का जोरात?"

"हळू. हां. तसंच."

नवरीचं खारघर गाव येईपर्यंत आशालता थापटत राहिली. मध्ये हात भरून आला तेव्हा तिनं हात बदलला.

*

नवरीच्या दारात बायकांची दाटी होती. नवरीची काकी, मथुराकाकी, आरतीचं ताट घेऊन पुढे आली. बाई ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस. तिनं करवलीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावायला खाली वाकली आणि थांबली.

"अगो, या पोरीच्या मानेला काय झालंय?"

माधुरी मागून पुढे यायला लागली. या प्रश्नाची उत्तरं तिनं पाच वर्षांत पुष्कळ तयार केली होती. सभ्य, छोटी, कुणाचं मन न दुखवणारी. गर्दीतून वाट काढेपर्यंत मथुराकाकी पुढे बोलून गेली होती.

"लागट-बिगट नाय ना? नवरीला हात लावायचा हाय. उद्या लगीन. ती मोठी पोर हाय ना परकरवाली, तिच्या हातात द्या वाटी."

रोशनीनं परकर सावरला आणि आईकडे पाहिलं. सकाळपासून आशालताला जे हवं होतं ते नवरीकडच्यांनी आपण होऊन पुढे केलं होतं. दिपा वाटी धरून उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"ती माझी पोरगी हाय," आशालता म्हणाली. "करवली ही हाय."

"पन—"

"इसब हाय तिला. जल्मापासून हाय. लागायचं आसतं तर आतापरेंत आमच्या घरात एकाची कातडी धड नसती. ही बघा, विचुंब्यापासून माझ्या मांडीवर बसून आली." आशालतानं वाकून दिपाच्या मानेला गाल लावला, सगळ्यांदेखत, आणि पुन्हा ताठ उभी राहिली. "आमच्या नवऱ्याची हळद हिच्याच हातून येनार. घ्यायची तर घ्या, नायतर टेम्पो उभा हाय."

माधुरी जागच्या जागी थांबली. आपली नणंद आपल्या बाजूनं बोलते आहे हे कानांना पटायला तिला वेळ लागला.

मथुराकाकीचा आ वासलेला राहिला. तिला उलट बोलणारं माणूस बहुधा बऱ्याच वर्षांत भेटलं नसावं. तेवढ्यात आतून, पाटावर बसलेल्या नवरीचा आवाज आला. वसुंधरानं डोक्यावरचा पदर दोन बोटांनी मागे सारला होता.

"काकी, हळद सुकते. येऊ दे ना तिला."

नवरीच बोलली म्हटल्यावर वाट झाली. दिपा आत गेली. पाट उंच होता, म्हणून वसुंधरा पुढे वाकली, इतकी की तिचा चेहरा पोरीच्या चेहऱ्यासमोर आला. दिपानं आधी एक बोट लावलं. नवरी हलली नाही. मग तिनं दोन्ही तळवे भरून घेतले आणि नवरीचा एक गाल, नाक आणि अर्धं कपाळ अगदी मन लावून माखलं.

वसुंधरा तिचे हात बघत होती.

"दुखतं का गो?" तिनं हळूच विचारलं.

"दुखत नाय. खाजतं. दुखलेलं बरं."

"मग रात्री कशी झोपतेस?"

"आई माझे हात धरते. म्हंजे मी झोपेत खाजवत नाय." दिपा दुसऱ्या गालाकडे वळली. "पन मग आईला झोप नाय लागत. ती डोळे मिटून नुसती पडते."

माधुरीला वाटायचं, पोरीला हे माहीत नाही.

"मग माझ्याजवळ झोपत जा," वसुंधरा म्हणाली. "एक दिवस आई हात धरेल, एक दिवस मी. चालेल?"

दिपा विचारात पडली. हळदीनं भरलेला हात तिनं तसाच हवेत धरला होता.

"आन कमलाकाका कुठं झोपनार?"

आधी धाकलीबाय हसली, मग सगळं घर हसलं. मथुराकाकीनं हसता हसता आरतीचं ताट दुसरीच्या हातात दिलं आणि पदरानं डोळे पुसले. वसुंधराचा चेहरा हळदीखालूनही लाल झालेला दिसला.

"त्याला ओटीवर टाकू," ती पुटपुटली.

"चालंल," दिपा म्हणाली आणि राहिलेलं कपाळ पुरं करायला लागली.

माधुरी सगळ्यांबरोबर हसत होती, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. परक्या घरात, शंभर बायकांत, नवरीच्या पाटासमोर. तिला ते आवरावंसं वाटलं नाही. आशालतानं तिच्या हातात आपला रुमाल कोंबला.

"आन तिसरी रात माझी," आशालता म्हणाली. "करंजाडं काय लांब नाय."